सहाचा का बाराचा

“आनंदा, ह्यो सहाचा हाय का बाराचा, एवढंच सांग. बाकी मला काय नगं.”

हौसाआक्कानं पोत्यातून डायनामो काढला आणि माझ्या टेबलावर असा आपटला की चहाचा ग्लास कलंडून सकाळचा पेपर भिजला.

बाजाराचा दिवस होता. एक्क्याऐंशी साल, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. स्टँडमागच्या रस्त्यावर दुकान टाकून मला सात महिने झाले होते. ‘आनंदा पांचाळ, आय.टी.आय.’ असा माझा बोर्ड होता आणि त्यात आय.टी.आय. ही अक्षरं माझ्या नावाहून मोठी होती. माझ्या सांगण्यात काहीतरी चूक होतेय असं वाटून पेंटरनं दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

डायनामो म्हटल्यावर ज्यांना सायकलच्या चाकाला घासणारी बाटली आठवते, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुन्या ट्रॅक्टरला आणि जीपला इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक मोठा डायनामो असायचा. तो फिरला की बॅटरी चार्ज व्हायची. काही गाड्या सहा व्होल्टच्या, काही बाराच्या. डायनामोच्या अंगावर पितळी पट्टी असे आणि कितीचा ते तिच्यावर लिहिलेलं असे. पण भंगाराच्या बाजारातून आलेल्या मालावर पितळ कशाला राहतंय? ते सगळ्यांत आधी निघतं. मग तो मुका डायनामो घेऊन माणसं आमच्यासारख्यांच्या दारात यायची. बाराच्या गाडीवर सहाचा चढवला तर आधी तो जोरात चालतो. मग एक-दोन दिवसांत आतली कॉइल तापून जळते आणि ट्रॅक्टर ऐन कामात रानात बसतो.

आक्काचा ट्रॅक्टर बाराचा होता. आक्का माळेवाडीची. नवरा वारला तेव्हा दीर म्हणाले, बाईमाणसाला ट्रॅक्टर काय करायचाय, विकून टाक. ही दुसऱ्या दिवशी काष्टा मारून सीटवर बसली ती अजून उतरली नव्हती. आमच्या तालुक्यात ट्रॅक्टर चालवणारी ती तेव्हा एकटी बाई. तिचा जुना डायनामो जळाला होता आणि हा तिनं कोल्हापुरातल्या जुन्या बाजारातून उचलून आणला होता. दुकानासमोरच तिचा ट्रॅक्टर उभा होता, उतारावर ढकलून चालू करून आणलेला.

“उद्यापास्नं सात जणांची नांगरट धरलीया,” ती म्हणाली. “पाऊस तोंडावर हाय. मधीच बंद पडला तर दीर टपूनच बसल्यात.”

“बसा आक्का. दोन मिनिटांत सांगतो.”

मी ड्रॉवर उघडून मीटर काढायला लागलो. तेवढ्यात समोरच्या पत्र्याच्या शेडमधून हात पुसत दस्तगीर मिस्त्री आले.

“काय आणलंसा आक्का? बघू.”

दस्तगीर शिकलगार हे माझे गुरू. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. वायर कशी सोलायची इथपासून गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. मी सांगलीला आय.टी.आय.ला जातो म्हणालो तेव्हा, “जा, शिकून ये, मला अडाण्यालाबी दोन गोष्टी सांग,” म्हणाले. परत येऊन मी त्यांच्यासमोरच दुकान टाकलं. दुसऱ्यानं तोंड फिरवलं असतं. यांनी माझ्या दुकानाचा नारळ स्वतः फोडला. साठी उलटली होती, पण कामाला वाघ. त्यांच्याकडं मीटर नव्हता. होते ते दोन कान आणि उजव्या हाताचा अंगठा.

मिस्त्री माझ्या पायरीजवळ उकिडवे बसले. डायनामो पोत्यावर ठेवला. माझी बॅटरी ओढून घेतली. त्या काळच्या बॅटऱ्यांना वरून डांबर असायचं आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसायच्या. सहा सेल म्हणजे बारा व्होल्ट. निम्म्यावरच्या पट्टीला वायर टेकवली की सहा. डायनामोला अशी बाहेरून वीज दिली की तो मोटारीसारखा फिरायला लागतो. मिस्त्रींनी तीन सेलवर वायर टेकवली, चट्‌ करून ठिणगी उडाली आणि डायनामो गरगर फिरायला लागला. त्यांनी उजवा कान जवळ नेला. मग फिरत्या पुलीवर अंगठा दाबला. डोळे मिटून तसेच बसले. एसटीची वाट बघणारी आठ-दहा माणसं भोवती गोळा झाली होती. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं बैल जरी शिंकला तरी माणसं गोळा होतात.

“सहाचा हाय,” मिस्त्री उठत म्हणाले. “बघा आक्का, तीन सेलवरबी अंगठ्याला जुमानत न्हाय. बाराचा असता तर कण्हत फिरला असता. अंगठा लावल्यासरशी मेला असता. ट्रॅक्टरला चढवू नगा, जळंल.”

आक्काचं तोंड उतरलं. “म्हंजी माझा हेलपाटा वाया म्हणा की.”

इथंच गोष्ट संपायला हवी होती. आक्का दुसरा डायनामो शोधायला गेली असती, माझ्या शेल्फवर बाराचा एक होताच, तो मी तिला दिला असता आणि सगळे सुखानं घरी गेले असते. पण गिऱ्हाईक माझ्या टेबलाशी आलं होतं आणि निकाल समोरच्या शेडनं दिला होता. तोही आठ-दहा माणसांदेखत. मला ते झोंबलं. त्याला हेवा म्हणतात, हे मला तेव्हा मान्य झालं नसतं.

“थांबा मिस्त्री,” मी म्हणालो. “अंदाजपंचे कशाला? मीटर लावू की.”

डायनामोच्या आत फील्ड कॉइल असते. तिचा ओम मोजला की कळतं. पुस्तकात लिहिलेलं होतं : सहाच्या आसपास ओम भरला तर डायनामो बाराचा, तीनच्या आसपास भरला तर सहाचा. मी मीटरचं एक टोक छोट्या टर्मिनलला लावलं, दुसरं डायनामोच्या अंगाला. सगळ्यांच्या माना मीटरवर वाकल्या. काटा सहावर जाऊन थांबला.

“सहा,” कुणीतरी वाचलं. “मिस्त्री बराबर हाय की.”

“सहा ओम,” मी म्हणालो. “सहा ओम म्हणजे बारा व्होल्ट.”

“आँ?” जगू पानवाला मध्येच म्हणाला. “आणि बारा निघालं असतं तर चोवीस म्हणाला असतास का रं?”

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. मी मात्र लाल झालो. मी भराभर पुस्तकातलं सांगायला लागलो, ओम म्हणजे काय, कॉइल म्हणजे काय. कुणाला काही कळत नव्हतं, पण न कळणारं बोलणाऱ्याचा आमच्याकडं दरारा असतो. माणसं हळूहळू गप्प झाली. आक्का एकदा माझ्याकडं, एकदा मिस्त्रींकडं बघत होती.

मिस्त्री माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “आनंदा, तू मीटर आणलास त्या दिवशी मला आधी दोन टोकं एकमेकाला लावून दाखवली हुतीस. काटा शून्यावर आणायचा, मग मोजायचं, म्हणाला हुतास. तसं केलंस का?”

नव्हतं केलं. घाईत, माणसांच्या गर्दीत विसरलो होतो. मीटरमधला पेन्सिल सेल उतरला की काटा शून्यावर येत नाही, मध्येच कुठंतरी थांबतो आणि मग पुढचं सगळं मोजमाप चुकतं. म्हणून रोज, प्रत्येक वेळी, आधी टोकं जुळवायची. पोराटोराला कळणारी गोष्ट. पुन्हा टोकं जुळवायला दहा सेकंद लागली असती. पण पुन्हा जुळवायची म्हणजे पहिल्यांदा जुळवली नव्हती हे सगळ्यांदेखत कबूल करायचं.

“केलं की,” मी मोठ्यानं म्हणालो. “तुमच्या डोळ्यांदेखत केलं.”

“मग माझं ध्यान नसंल,” मिस्त्री म्हणाले. “तरी आणखी एकदा लाव. अंगठा खोटं बोलत न्हाय रं. आवाजबी भरलेला हाय.”

आणि मी बोललो. इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला शब्दनशब्द पाठ आहे. “आवाजाचं तुम्ही सांगू नका मिस्त्री. डाव्या कानात रात्रंदिवस भुंगा फिरतोय म्हणून तुम्हीच सांगितलंय की मला.”

हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. रमजानच्या आधी एकदा शेडमध्ये चहा पीत बसलो असताना. घरात चाचींना, त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. “कुणाला बोलू नगंस,” म्हणाले होते. “मिस्त्रीचा कान गेला म्हटल्यावर कोण येतंय दारात?” मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी मिस्त्रींच्या कानाकडं बघितलं.

“व्हय मिस्त्री?” आक्कानं विचारलं. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, काळजीच होती.

“येतो आवाज कधीमधी,” मिस्त्री म्हणाले. मग म्हणाले, “मीटर सांगतोय तर बसवा आक्का. आता त्येंचंच युग हाय.”

मी तासाभरात डायनामो ट्रॅक्टरवर चढवला. चार जणांनी ढकलल्यावर आक्कानं इंजिन चालू केलं आणि रेस दिली. डॅशबोर्डवरच्या मीटरचा काटा चार्जकडं सरकला. माणसांनी “वा रं पठ्ठ्या” केलं. जगू पानवाल्यानं मला फुकट पान दिलं. मिस्त्री त्यांच्या शेडच्या दारात उभे राहून बघत होते. त्यांनी डाव्या कानात करंगळी घालून जोरात हलवली आणि आत गेले.

दुपारी ऊन उतरायला लागल्यावर एका जीपची वायर कुठं तुटलीय ते शोधायला मी मीटर काढला. एक हातभर लांब साधी वायर होती. तिच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. काट्यानं तीन ओम दाखवले. हातभर तांब्याच्या वायरला तीन ओम! मी हसलो, वायर सडली असेल म्हणून दुसरी घेतली. तीन. मग मीटरची दोन टोकं एकमेकाला लावली. काटा तीनवर उभा.

नवा सेल घातला, बटण फिरवून काटा शून्यावर आणला, पुन्हा वायर मोजली. शून्य. म्हणजे सकाळच्या सहातले तीन मीटरचे होते आणि तीनच कॉइलचे. मिस्त्री डोळे मिटून, अंगठ्यानं आणि एका कानानं जे सांगत होते तेच बरोबर होतं. डायनामो सहाचा होता.

सुचलं काय, तर उठून रस्ता ओलांडावा असं सुचलं नाही. वीस पावलांवर मिस्त्री बसलेले दिसत होते. मला सुचली ती शेल्फवरच्या डायनामोची गोष्ट. तोही त्याच ठशाचा, काळाच. त्याच्यावर पट्टी होती आणि पट्टीवर बारा लिहिलेलं होतं. मी पक्कड घेतली आणि पट्टी उचकटून काढली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी मोटारसायकलवर पोतं बांधून माळेवाडीला पोचलो. आक्का गोठ्यात म्हशीची धार काढत होती.

“काय रं, इतक्या पहाटचं?”

“पट्टा ढिला राहिल्यासारखा वाटला आक्का. झोप लागंना. म्हटलं, काम सुरू व्हायच्या आत ताणून यावा.”

“बया! घरी येऊन बघतूस?” ती म्हणाली. “बस, च्या टाकते धार झाल्यावर.”

ट्रॅक्टर परड्यात उभा होता. मी वीस मिनिटांत सहाचा उतरवला आणि बाराचा चढवला. सहाच्यातून तेवढ्याशा चालण्यानंही जळक्या रोगणाचा वास यायला लागला होता. नव्यावर पुलीजवळचं ग्रीस आणि खालची माती चोपडली. मग वायरी जोडल्या, चार्जिंग बघितलं. काम चोख झालं. आयुष्यात इतकं चोख काम मी क्वचित केलं असेल. आक्का चहा आणि कालच्या भाकरीचा कुस्करा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून सांगत राहिली, “मिस्त्री असावा तर असा. माझा सख्खा भाऊबी इतक्या पहाटं आला नसता.” मी मान खाली घालून कुस्करा खाल्ला.

येताना मी मिस्त्रींच्या शेडवरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीनं गाडी घातली. मिस्त्री नेमके नळावर हातपाय धूत होते.

“कुठं गेलतास रं सकाळी सकाळी?”

“माळेवाडीला. आक्काचा पट्टा ताणायला.”

“कसं चाललंय?”

“झकास.”

“चार्जिंग?”

“एकदम फर्स्टक्लास.”

मिस्त्रींनी पंच्यानं तोंड पुसलं. गाडीच्या कॅरिअरवर पोतं होतं आणि पोत्यात तो डायनामो. त्यांनी हात लांब केला असता तर लागला असता.

“तापत न्हाय नव्हं? हात लावून बघितलास?”

“बघितला. थंडगार.”

हे खरं होतं. बाराचा डायनामो बाराच्या ट्रॅक्टरवर कशाला तापतोय? मिस्त्री बराच वेळ नळाच्या धारेकडं बघत राहिले. ते नळ बंद करायचं विसरले होते, तो मी वाकून बंद केला.

“म्हंजी बाराचाच हुता म्हणायचा,” ते म्हणाले.

मी नुसतं “हं” म्हणालो आणि गाडीला किक मारली.

मला तेव्हा वाटलं, झालं, मिटलं. आक्काचं काही बिघडलं नाही, माझी चूक मी माझ्या पदरच्या मालानं भरून काढली, कुणाचं कसलं नुकसान नाही. संध्याकाळी तो सहाचा डायनामो गावाबाहेरच्या विहिरीत टाकला आणि घरी येऊन पोटभर जेवलो. मी मूर्ख होतो. तो डायनामो आक्काच्या ट्रॅक्टरवर जळला असता तर मिस्त्री खरे ठरले असते आणि मी चार दिवस तोंड लपवून फिरलो असतो. मी तो जळू दिला नाही. उलट तो दिमाखात चालला. आक्कानं त्या पंधरवड्यात साताऐवजी अकरा जणांची नांगरट केली आणि प्रत्येकाच्या बांधावर माझी गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत मिस्त्री सहा म्हणत होते, मी बारा म्हणत होतो, आणि ट्रॅक्टर धडधडत चालला होता. पाऊस पडला तोवर सगळ्या तालुक्याला कळलं की दस्तगीर मिस्त्रींचा कान गेला.

आणि ते मिस्त्रींनाही पटलं.

आधी गिऱ्हाइकं कमी झाली. त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. मग मला दिसायला लागलं की त्यांचं काम हळू झालंय. एखादं इंजिन चालू करून ते पूर्वी एका क्षणात सांगायचे, अमका प्लग मारत नाही. आता पाच-पाच मिनिटं कान लावून बसायचे, मग उठायचे, पुन्हा बसायचे, गाडीवाल्यालाच विचारायचे, “तुमाला कसा वाटतोय आवाज?” एकदा मी शेडमध्ये गेलो तर एकटेच होते. पाटावर एक धडधाकट बाराचा डायनामो ठेवलेला, बॅटरीला वायर लावायचे, ऐकायचे, काढायचे. पुन्हा लावायचे. मला बघून ओशाळल्यासारखे हसले.

“सवय मोडू नये म्हणून,” म्हणाले.

त्याही वेळी मी बोलू शकलो असतो. ‘मिस्त्री, तुमचा कान शाबूत आहे. मीटर चुकीचा होता आणि मी खोटारडा आहे.’ एवढंच बोलायचं होतं. मी त्यांना मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. ते गेलेही. डॉक्टर म्हणाले, वयानं थोडा आवाज येतो डाव्या कानात, उजवा चांगला आहे, काळजी करू नका. परत आल्यावर मिस्त्री म्हणाले, “डाक्टर भला माणूस हाय. म्हाताऱ्याचं मन मोडायला नगं म्हणून बोलला.”

त्यानंतर अकरा वर्षं ते जगले. दर रमजान ईदला मी त्यांच्या घरी शीरखुर्म्याला जायचो. चाची वाटी पुढं करायच्या, मिस्त्री आल्यागेल्याला सांगायचे, “ह्यो आनंदा. माझा चेला. माझ्याफुडं गेला.” दर वर्षी घरातून निघताना मी ठरवायचो, आज सांगायचं. दर वर्षी वाटी रिकामी करून परत यायचो. मयतीला मी खांदा दिला. माती देऊन झाल्यावरही मी कबरीपाशी उभा राहिलो म्हणून लोक म्हणाले, बघा किती माया. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

आज माझंही वय झालंय. लोक विचारतात, तुमच्या गुरूचं नाव काय, तुम्ही कुणाकडं शिकलात. मी नाव सांगतो आणि विषय बदलतो. त्यांना वाटतं, माझ्यात नम्रपणा आहे. माझ्या हातून इतर चुका काय कमी झाल्या? वायरी उलट्या जोडल्या, एकदा एका डॉक्टरांच्या गाडीला आग लावली. त्या सगळ्या मी हसत सांगतो. ही तशी सांगता येत नाही. आणि त्यातही तो बाजाराचा दिवस नाही, नळावरची ती सकाळही नाही. मला आठवते ती त्याच वर्षीची गणपती उठल्यानंतरची एक दुपार.

मी दुकानात बसलो होतो. मिस्त्री रस्ता ओलांडून येताना दिसले. हातात फडक्यात गुंडाळलेला डायनामो आणि मागं मायणीकडचा कुणी जीपवाला. पायरी चढताना मिस्त्रींनी चपला काढल्या. माझ्या दुकानात कुणीच चपला काढत नसे.

“आनंदा, जरा बघ बाबा,” ते म्हणाले. “सहाचा का बाराचा. पट्टी न्हाय.”

मी उठून उभा राहिलो. “तुम्ही लावून बघितला नाहीत मिस्त्री?”

“बघितला. पर मीटरनं बघ तू.”

मी मीटर काढला. दोन टोकं एकमेकाला लावली, काटा शून्यावर आणला. मिस्त्री वाकून बघत होते. मग टर्मिनलला लावलं. काटा सरकला आणि तीनवर थांबला.

“तीन ओम,” मी म्हणालो. “सहाचा आहे.”

“घ्या,” मिस्त्री जीपवाल्याला म्हणाले. “आता बिनघोर घेऊन जावा. ह्येनं सांगितलं म्हंजी झालं.”

जीपवाला डायनामो उचलून बाहेर गेला. मिस्त्रींनी फडक्याची घडी केली. मग जरा हळू आवाजात मला म्हणाले, “मलाबी सहाचाच वाटला हुता. पर म्हटलं, आपल्या कानाचं आता काय खरं? त्या टायमाला माझं ऐकलं असतं तर आक्काचं नुकसान झालं असतं बघ.”

दुकानात आम्ही दोघंच होतो. ते माझ्याकडं बघत होते आणि मी काहीतरी बोलावं म्हणून थांबले होते.

“बरं केलंत मिस्त्री,” मी म्हणालो. “विचारलंत ते बरं केलंत.”